लॅपटॉपचा ताप : निदान व उपचार

नागपूरच्या रहिवाशांस उन्हाळा म्हणजे काय, हें कोणी शिकवावें लागत नाहीं. वैशाखाचे दिवस सुरू झाले कीं खिडक्यांस वाळ्याच्या ताट्या लागतात, कूलरांत पाणी भरण्याची घाई उडते, आणि दुपारीं रस्ते ओस पडतात. २०१३ सालच्या मे महिन्यांत आमच्या शहरीं पारा ४७.९ अंश सेल्सिअसपर्यंत चढला होता. आणि ह्याच शहरीं २९ डिसेंबर २०१८ रोजीं तो ३.५ अंशांपर्यंत उतरला. माणसें ह्या फेऱ्यास सरावलेलीं आहेत. परंतु जीं यंत्रें आज विद्यार्थ्यांच्या मेजावर व मांडीवर येऊन बसलीं आहेत, त्यांस घाम येत नाहीं, सावलीस उठून जातां येत नाहीं, आणि तक्रार करतां येते ती एकाच रीतीनें, अंग तापवून. ह्या लेखांत आम्ही अशाच एका तापाचा विचार करणार आहों. लॅपटॉपवरील विंडोज काढून त्याच्या जागीं लिनक्स बसविलें, आणि तो पूर्वीपेक्षां अधिक तापूं लागला, तर काय समजावें व काय करावें, हा आमचा विषय होय.

विषय लहान वाटेल. परंतु त्याच्या पाठीमागें पुष्कळ कुटुंबांची काटकसर उभी आहे. मायक्रोसॉफ्ट कंपनीनें विंडोज १० ह्या आवृत्तीस मिळणारा नेहमीचा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं थांबविला. पुढील आवृत्ति जी विंडोज ११, ती कंपनीच्या अटींप्रमाणें कित्येक जुन्या यंत्रांवर बसत नाहीं. अशा वेळीं सीताबर्डीच्या बाजारांतून घेतलेला जुना, किंवा थोरल्या भावाकडून धाकट्याकडे आलेला लॅपटॉप टाकून द्यावा, कीं विनामूल्य मिळणारें लिनक्स बसवून त्यास आणखी चार-पांच वर्षें कामास लावावें, हा प्रश्न अनेकांपुढें उभा राहतो. अशा घरीं लॅपटॉप बहुधा एकच असतो. त्यावरच ताई शिष्यवृत्तीचा अर्ज भरते, धाकटा भाऊ शाळेचा प्रकल्प लिहितो, आणि वडील बँकेचें काम पाहतात. तो ऐन कामांत कढत होऊन बंद पडला तर अर्जाची मुदत टळते, लिहिलेलें पान नाहींसें होतें. आणि मग नवा घेण्याची ऐपत नसलेल्या घरांत पुढें काय करावें, ह्याचें उत्तर कोणाजवळ नसतें.

अशा प्रसंगीं निकाल मात्र चटकन् लागतो. ‘विंडोज होतें तोंवर ठीक होतें, लिनक्सनें यंत्र बिघडविलें,’ असें म्हणून लॅपटॉप भंगारांत जातो, किंवा आधार संपलेली जुनी प्रणाली पुन्हा त्यावर बसते. आमचें म्हणणें असें कीं हा निकाल पुष्कळ वेळां चोर सोडून संन्याशास सुळीं देण्यासारखा असतो. यंत्र तापतें तें कोणत्याही प्रणालीच्या नांवामुळें नव्हे. तें तापतें कोणाच्या लक्षांत न येतां चाललेल्या एखाद्या कामामुळें, किंवा उष्णतेची बाहेर पडण्याची वाट अडल्यामुळें. तें काम कोणतें व ती वाट कोठें अडली, हें मोजून पाहिल्यावांचून कोणासही दोष देऊं नये व कोणताही उपाय करूं नये, एवढेंच ह्या लेखाचें सार आहे.

प्रथम प्रणाली म्हणजे काय तें पाहूं. लॅपटॉप हा एक मोठा वाडा मानला, तर ऑपरेटिंग सिस्टिम, जिला आम्ही येथें नुसतें ‘प्रणाली’ म्हणत आहों, ती त्या वाड्याचा कारभारी होय. कोणत्या खोलींत दिवा लावावा, कोणता मालवावा, कोणास कामास लावावें व कोणास विश्रांति द्यावी, हें तो ठरवितो. विंडोज हा एक कारभारी, लिनक्स हा दुसरा. लिनक्सचा गाभा फिनलंडांतील हेलसिंकी विद्यापीठाचा एक विद्यार्थी, लिनस टॉर्व्हाल्ड्स, यानें १९९१ सालीं, वयाच्या एकविसाव्या वर्षीं जगापुढें ठेवला. तेव्हांपासून देशोदेशींचे लोक तो वाढवीत आले आहेत. उबंटू, डेबियन, फेडोरा, मिंट हीं सर्व त्याच गाभ्यावर उभारलेलीं निरनिराळीं रूपें होत.

आतां उष्णतेकडे वळूं. लॅपटॉपांतील प्रोसेसर जी वीज घेतो, ती जवळजवळ सर्व शेवटीं उष्णतेच्या रूपानें बाहेर पडते. हलक्या लॅपटॉपांतील पुष्कळ प्रोसेसर सुमारें १५ वॅट उष्णतेच्या हिशेबानें रचलेले असतात. पंधरा वॅट ही कांहीं मोठी शक्ति नव्हे. परंतु ती नखाएवढ्या जागेंत एकवटली म्हणजे तेथें हात लावण्याची सोय राहत नाहीं. ही उष्णता बाहेर काढण्यासाठीं एक साखळी असते. प्रोसेसरावर उष्णता वाहून नेणाऱ्या लेपाचा पातळ थर. त्यावर तांब्याची बंद नळी. नळीच्या दुसऱ्या टोंकास धातूच्या बारीक पात्यांची जाळी. त्या जाळींतून हवा फुंकणारा पंखा. आणि शेवटीं लॅपटॉपच्या कडेस असलेलीं छिद्रें. नळीच्या आंत थोडासा द्रव असतो. तापलेल्या टोंकास त्याची वाफ होते, जाळीच्या टोंकास ती पुन्हा द्रव होऊन परतते, आणि ह्या फेऱ्यांत उष्णता वाहून नेली जाते. साखळीचा एक दुवा जरी ढिला पडला, लेप वाळला, जाळींत धुळीचा थर बसला किंवा छिद्रें गादीवर दाबलीं गेलीं, तरी सारी उष्णता आंत कोंडते.

येथें शाळेंत शिकलेला एक नियम ध्यानांत धरावा. पाणी जसें उंचावरून सखल जागीं वाहतें, तशी उष्णता अधिक तापलेल्या वस्तूकडून कमी तापलेल्या वस्तूकडे जाते. आणि दोहोंच्या तापमानांत जितकें अंतर अधिक, तितकी ती जोरानें वाहते. समजा, एखाद्या कामांत प्रोसेसर खोलींतील हवेपेक्षां ५० अंश अधिक तापतो. डिसेंबरांत खोली २२ अंशांवर असेल, तर प्रोसेसर ७२ अंशांवर स्थिरावेल. तेंच काम, तोच पंखा, तीच प्रणाली. पण मे महिन्याच्या दुपारीं खोली ४२ अंशांवर असेल, तर प्रोसेसर ९२ अंशांवर जाईल. पुष्कळ प्रोसेसरांची मर्यादा १०० अंशांच्या आसपास असते. तिच्याजवळ पोंचतांच ते स्वतःच आपली गति कमी करितात, आणि तरीही न भागल्यास यंत्र बंद होतें. म्हणजे ज्यानें हिवाळ्यांत लिनक्स बसविलें व उन्हाळ्यांत त्याचा न्याय केला, त्यानें ऋतूचा दोष प्रणालीच्या माथीं मारला, असें होऊं शकतें. लॅपटॉपचा पंखा हवा हलवितो. हवा थंड करीत नाहीं. कूलरांत पाण्याची वाफ होते म्हणून त्याची हवा निवते. लॅपटॉपच्या पंख्याजवळ असें साधन नाहीं, आणि म्हणून त्याच्या साह्यानें खोलीच्या हवेहून थंड होणें यंत्रास कधींही शक्य नसतें.

कारभाऱ्याचें कौशल्य दिसतें तें काम देण्यांत नव्हे, तर विश्रांति देण्यांत. ह्या बाबतींत एक जुनी हकीकत बोधप्रद आहे. प्रोसेसरास हातीं काम नसतांना ‘थांब’ असें सांगणारी एक आज्ञा असते. ती मिळाली कीं पुढील काम येईपर्यंत तो स्वस्थ राहतो व निवतो. विंडोज ९५ ही आज्ञा देत नसे. काम नसलें तरी प्रोसेसर रिकाम्या फेऱ्या घालीत राही. याचें कारण निष्काळजीपणा नव्हतें. त्या वेळच्या कांहीं लॅपटॉपांस ही आज्ञा दिली असतां यंत्र असें गोठून जाई कीं पुन्हा जागें होत नसे. म्हणून ती वगळावी लागली, असें मायक्रोसॉफ्टमधील रेमंड चेन यांनीं पुढें लिहून ठेविलें आहे. लिनक्स मात्र ती आज्ञा देत असे, आणि ज्यांचें यंत्र गोठे त्यांच्यासाठीं ती बंद करण्याची सोय ठेवीत असे. अर्थात् त्या काळीं एकाच लॅपटॉपवर लिनक्स थंड व विंडोज उष्ण, असा आजच्या तक्रारीच्या अगदीं उलटा अनुभव येऊं शकत होता.

लिनक्स स्वभावतःच उष्ण आहे, ही समजूत दुसऱ्या बाजूनेंही टिकत नाहीं. अँड्रॉइडवर चालणारे फोन लिनक्सच्याच गाभ्यावर उभे आहेत, आणि बहुतेकांत पंखादेखील नसतो. जगांतील सर्वांत वेगवान् अशा पांचशें महासंगणकांची जी यादी वर्षांतून दोनदां निघते, तींतील प्रत्येक यंत्र नोव्हेंबर २०१७ पासून लिनक्सवर चालत आलेलें आहे. पुण्याच्या आयसर संस्थेंत २०१९ सालीं बसविलेला परम ब्रह्म हा महासंगणकही त्याच कुळांतला. त्याच्या प्रोसेसरांची उष्णता नळ्यांतून खेळविलेल्या द्रवानें काढून घेतली जाते. आपल्या रायगड जिल्ह्यांतील खैरात ह्या लहानशा गांवच्या शाळेंत २००७ सालीं मुलांच्या हातीं जे हिरवे-पांढरे लॅपटॉप दिले गेले, तेही लिनक्सवरच चालत. त्यांची रचना मोठी मार्मिक होती. प्रोसेसर कमी शक्तीचा निवडलेला, पंखा मुळींच नाहीं, आणि यंत्राचा सारा तापणारा भाग मुलाच्या मांडीवरील खालच्या अर्ध्या भागांत न ठेवतां उभ्या पडद्याच्या पाठीमागें बसविलेला. यामुळें उष्णता सरळ हवेंत निघून जाई. ज्यांनीं यंत्र रचलें त्यांनींच प्रणालीही त्यास अनुरूप करून दिली, म्हणून तेथें पंख्यावांचून निभावलें.

मग नवी प्रणाली बसवितांच यंत्र अधिक तापूं लागलें, हा लोकांचा अनुभव खोटा म्हणावा काय? मुळींच नाहीं, तो पुष्कळ वेळां खरा असतो. मात्र त्याचें कारण असें कीं वाड्यावर नवा कारभारी आला, पण जुन्याकडील किल्ल्यांचा जुडगा त्यास पुरा मिळाला नाहीं. बाजारांतील बहुतेक लॅपटॉप विंडोज मनांत धरून तयार होतात, आणि त्यावरच त्यांची परीक्षा होते. कोणता भाग केव्हां निजवावा, पंखा केव्हां वाढवावा, ह्याविषयींची माहिती कारखानदार यंत्राच्या आंत कांहीं तक्त्यांत लिहून ठेवितो. हे तक्ते कसे लिहावे, याची नियमावली इंटेल, मायक्रोसॉफ्ट व तोशिबा ह्या कंपन्यांनीं मिळून १९९६ सालच्या डिसेंबरांत प्रसिद्ध केली, तिला ए.सी.पी.आय. असें म्हणतात. तक्त्यांत चूक राहिली आणि विंडोजवर ती जाणवली नाहीं, तर ती तशीच विक्रीस जाते. आणि दुसऱ्या प्रणालीनें तो तक्ता अक्षरशः खरा मानला कीं घोटाळा होतो.

२०११ सालीं असेंच घडलें. लिनक्सच्या गाभ्याची २.६.३८ ही आवृत्ति आली, आणि ती असलेलें उबंटू ११.०४ वापरूं लागतांच कित्येकांचे लॅपटॉप अधिक वीज खाऊं लागले. शोध केल्यावर दिसून आलें कीं यंत्राच्या निरनिराळ्या भागांस जोडणाऱ्या वाहिन्या रिकाम्या असतांना त्यांस निजविण्याची जी सोय असते, ती ह्या आवृत्तींत पुष्कळ यंत्रांवर बंद पडत होती. कारण काय, तर त्या यंत्रांच्या तक्त्यांत ‘ही सोय येथें नाहीं’ अशी नोंद होती, आणि नव्या आवृत्तीनें त्या नोंदीचा अर्थ पूर्वींपेक्षां कडकपणें लावला होता. वस्तुतः विंडोज त्या नोंदीचा अर्थ निराळा लावीत असे. हें ध्यानांत आल्यावर मॅथ्यू गॅरेट यांनीं दुरुस्ती लिहिली, आणि २०१२ सालच्या ३.३ ह्या आवृत्तींत ती आली. ह्या प्रकरणांत लिनक्सचा दोष होता हें खरें. पण तो सांपडला व सुधारला गेला, तो केवळ कोणी आवृत्तीमागून आवृत्ति घेऊन विजेचा खर्च मोजीत बसलें म्हणून.

मोजणें हीच ह्या चिकित्सेंतील नाडीपरीक्षा होय. लिनक्सवर ‘एल.एम. सेन्सर्स’ नांवाचें साधन विनामूल्य मिळतें. तें प्रोसेसरचें तापमान व, यंत्र सांगत असल्यास, पंख्याच्या फेऱ्या दाखवितें. ‘टॉप’ ही आज्ञा कोणतें काम प्रोसेसरचा किती भाग व्यापून बसलें आहे, तें सांगते. एक वही घ्यावी; तींत वेळ, खोलीचें तापमान, प्रोसेसरचें तापमान, पंख्याची गति, आणि त्या वेळीं चाललेलें सर्वांत जड काम, असे पांच रकाने आंखावे. प्रथम सर्व कामें बंद करून दहा मिनिटें यंत्र स्वस्थ ठेवावें व नोंद करावी. मग लिखाण करतांना, मग चित्रफीत पाहतांना, अशा नोंदी कराव्या. प्रोसेसरच्या आंकड्यांतून खोलीचा आंकडा वजा करावा. जें उरतें तेंच यंत्राचें खरें दुखणें. बाकीचा ताप नागपूरचा आहे.

मात्र मोजणारें साधनही तपासून घ्यावें लागतें. ३० मे २०२४ रोजीं आमच्या शहरांतील रामदासपेठ भागाच्या एका स्वयंचलित हवामानकेंद्रानें ५६ अंशांचा आंकडा दाखविला, आणि ती वार्ता देशभर पसरली. पुढें हवामानखात्यानें स्पष्ट केलें कीं तेथील संवेदक बिघडला होता. इतर कांहीं केंद्रांवर त्याच दिवशीं ४४ अंशांच्या आसपास नोंद झाली होती. लॅपटॉपांतही असेंच होतें. एका साधनाच्या यादींत चार-पांच संवेदक दिसतात. त्यांतील एखादा दिवसभर एकच आंकडा धरून बसतो, तर एखादा अशक्य आंकडा दाखवितो. प्रोसेसरच्या गाभ्यांत बसविलेल्या संवेदकावर मुख्य विश्वास ठेवावा, आणि इतरांशीं तो ताडून पाहावा. हात लावून अंग कढत आहे कीं नाहीं हें पाहणें, हीही एक नोंदच आहे.

वहींत चार-आठ दिवसांच्या नोंदी जमल्या म्हणजे दुखणें बहुधा पुढील चारांपैकीं एका प्रकारांत बसतें.

पहिला प्रकार, यंत्र स्वस्थ असतांही तापलेलें. येथें दोन संशयित असतात. एक म्हणजे पडद्यामागें चाललेलें काम. प्रणाली नवी बसविल्यावर पहिले कांहीं तास ती सर्व फाइलींची सूची करीत असते व सुधारणा उतरवून घेत असते. हें काम आपोआप संपतें, त्यास एक दिवस द्यावा. दुसरा संशयित म्हणजे वेगळें चित्र-प्रोसेसर, म्हणजे ग्राफिक्स कार्ड. ज्या लॅपटॉपांत अशीं दोन असतात, त्यांत साध्या कामास लहान व जड कामास मोठें वापरावें, अशी योजना एन्व्हिडिया कंपनीनें २०१० सालीं ‘ऑप्टिमस’ ह्या नांवानें आणली. लिनक्ससाठीं प्रारंभीं तिची सोय नव्हती. मोठें कार्ड काम नसतांही जागें राही व फुकट तापे. तेव्हां २०११ सालीं स्वयंसेवकांनींच ‘बंबलबी’ नांवाची तोड काढली. पुढें परिस्थिति पुष्कळ सुधारली, आणि मे २०२२ मध्यें त्या कंपनीनें आपल्या ड्रायव्हरचा गाभ्याशीं जोडणारा भागही खुला केला. आज उबंटूमध्यें कंपनीचा योग्य ड्रायव्हर बसविल्यास ‘गरजेपुरतें’ किंवा ‘वीज वांचवा’ असा पर्याय निवडून मोठें कार्ड निजवितां येतें. ज्यास खेळ खेळावयाचे नाहींत, त्यानें हेंच प्रथम करावें.

दुसरा प्रकार, इतर वेळीं ठीक, परंतु चित्रफीत पाहतांना तापणारें. चित्रफीत उलगडण्यासाठीं ग्राफिक्सच्या भागांत एक खास यंत्रणा असते, व ती हें काम थोड्या विजेंत करिते. ती वापरली गेली नाहीं, तर सारा भार प्रोसेसरवर पडतो. फायरफॉक्स ह्या ब्राउझरनें लिनक्सवर इंटेलच्या ग्राफिक्ससाठीं ही यंत्रणा जुलै २०२३ च्या ११५ ह्या आवृत्तीपासून आपोआप सुरू केली. म्हणून ब्राउझर व ड्रायव्हर अद्ययावत् ठेवणें, आणि लहान पडद्यावर उगाच मोठ्या दर्जाची चित्रफीत न पाहणें, हा येथील उपाय होय.

तिसरा प्रकार, ताप चढलेला आणि पंखा गप्प. येथें यंत्र सुरू होतांना पंखा एकदां तरी फिरतो कीं नाहीं, तें कान देऊन ऐकावें. मुळींच फिरत नसेल, तर पंखा मेला आहे. प्रणाली बदलून तो जिवंत होणार नाहीं. फिरून थांबत असेल, तर कारखानदाराच्या संकेतस्थळावरून यंत्राचें मूळ फर्मवेअर, ज्यास बायोस म्हणतात, तें नवें घ्यावें, व लिनक्सचा गाभाही नवा घ्यावा. तक्त्यांतील चुका बहुधा ह्या दोन वाटांनींच सुधारतात.

चौथा प्रकार, कोणतेंही काम करतांना तापणारें, मग प्रणाली कोणतीही असो. ह्याची परीक्षा सोपी आहे. पेनड्राइव्हवरून दुसरें एखादें लिनक्स न बसवितां चालवून पाहावें. आणि जुनें विंडोज अद्याप शेजारीं असेल, तर तेंही इंटरनेट तोडून घटकाभर चालवून पाहावें. सर्वत्र आंकडे सारखेच चढत असतील, तर दुखणें देहाचें आहे, कारभाऱ्याचें नव्हे. पंखा व जाळी यांच्या मध्यें धुळीचा नमद्यासारखा थर बसलेला असतो, आणि प्रोसेसरवरील लेप वर्षानुवर्षें वाळून गेलेला असतो. जाणत्याकडून यंत्र उघडवून जाळी साफ करून घ्यावी व लेप नवा घालून घ्यावा. हवा फुंकून धूळ काढतांना पंख्याचीं पातीं धरून ठेवावीं. नाहीं तर तीं भलत्या वेगानें फिरून निकामी होतात. हें सोडून एकामागून एक प्रणाली बदलीत बसणें म्हणजे आग रामेश्वरीं आणि बंब सोमेश्वरीं.

कांहीं उपाय सर्व प्रकारांस लागू पडतात. लॅपटॉप गादीवर किंवा उशीवर ठेवूं नये. खालीं लांकडी पाट ठेवून मागची कड दोन बोटें उचलून धरली, तरी हवेस वाट मिळते. कूलरच्या थंड झालेल्या खोलींत बसावें, पण त्याच्या तुषारांच्या झोतांत नव्हे. प्रणालीच्या विजेविषयींच्या पानावर ‘वीज वांचवा’ हा पर्याय असतो. उन्हाळ्यापुरता तो निवडावा. ह्याचा लाभ दिसतो त्याहून मोठा आहे, आणि तो गणितानें समजतो. प्रोसेसरच्या चालू कामाची वीज साधारणपणें विद्युद्दाबाच्या वर्गाच्या व गतीच्या प्रमाणांत वाढते. गति आणि दाब हीं दोन्ही शेंकडा ८० वर आणलीं, तर ०.८ गुणिले ०.८ गुणिले ०.८, म्हणजे सुमारें ०.५१, इतकीच वीज लागते. एक पंचमांश वेग सोडला, आणि जवळजवळ अर्धी उष्णता गेली. निबंध लिहिणाऱ्यास हा सौदा खचितच परवडतो. ‘थर्मल-डी’ व ‘टी.एल.पी.’ ह्या नांवांचीं साधनेंही ह्याच कामाचीं आहेत. परंतु विजेची व्यवस्था पाहणारीं दोन साधनें एकाच वेळीं चालवूं नयेत. दोन कारभारी एकमेकांचे हुकूम फिरवूं लागतात, आणि वाडा तसाच जळत राहतो.

उपायांइतकीच पथ्येंही महत्त्वाचीं. कोठेंतरी वाचलेल्या दहा आज्ञा एकदम देऊं नयेत. एका वेळीं एकच बदल करावा, वहींत लिहावा, आणि दुसऱ्या दिवशीं आंकडा पाहावा. पंख्याचा ताबा अंदाजानें आपल्या हातीं घेऊं नये. तापमान वाढतांच यंत्र बंद करणारी जी मर्यादा असते, ती उठवूं नये; ती शत्रु नव्हे, पहारेकरी आहे. ओलें फडकें किंवा बर्फ यंत्राखालीं ठेवूं नये, कारण आंत दंव धरून यंत्र कायमचें बिघडतें. सर्वांत अधिक जपावें तें बॅटरीस. लॅपटॉपांतील लिथियम बॅटऱ्या साधारणपणें ४५ अंशांपुढें भारित करूं नयेत असा संकेत आहे. आणि मे महिन्यांत पत्र्याच्या छपराखालील खोली किंवा उन्हांत उभी असलेली मोटार त्या मर्यादेस सहज पोंचते. बॅटरी फुगून लॅपटॉपचें अंग उचललें गेलें असेल, तर यंत्र त्याच क्षणीं बंद करावें, भारित करूं नये, टोंचूं नये, आणि जाणत्याकडे न्यावें. तेथें काटकसर चालत नाहीं.

ज्यांस लिनक्स नवें आहे, त्यांच्यासाठीं मुंबईच्या आय.आय.टी. संस्थेनें ‘स्पोकन ट्यूटोरियल’ ह्या योजनेखालीं मराठींतूनही पाठ तयार केलेले आहेत. इंग्रजीच्या भीतीनें कोणीं मागें राहण्याचें कारण नाहीं.

आमच्या शाळेच्या प्रार्थनामंदिरांत विश्वासू कारभाऱ्याचा दृष्टान्त वारंवार ऐकावयास मिळतो. घरांतील एकुलता एक जुना लॅपटॉप हें कित्येक विद्यार्थ्यांच्या हातीं आलेलें तसेंच एक धन आहे. वडिलांनीं त्यासाठीं काय सोडलें, हें मुलांस बहुधा ठाऊक असतें. तो तापला म्हणून टाकून देणें सोपें. तो कां तापला हें शोधून त्यास आणखी चार वर्षें चालविणें, हें विद्यार्थ्यास साजणारें काम होय. ज्यानें वहींत पांच रकाने आंखले आणि पंधरा दिवस प्रामाणिकपणें भरले, त्यानें भौतिकशास्त्राचा एक प्रयोग आपल्या घरींच केला. पुढील वैशाखांत यंत्राचा ताप किती व नागपूरचा किती, ह्याचें उत्तर तो घरच्या मंडळींस आंकड्यांनिशीं देऊं शकेल, आणि ताईचा अर्ज मुदतीच्या आंत जाईल.